जप्तीची पेटी आणि औषधाचा भाव

१९७४ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने तस्करांची धरपकड सुरू केली, तेव्हा हाजी मस्तान, युसुफ पटेल आणि दमणचा सुकूर नारायण बखिया ही नावे मुंबईपासून दमणपर्यंतच्या साऱ्या किनाऱ्यावर घरोघर पोहोचली. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘कोफेपोसा’ कायदा आला. तस्कर तुरुंगात गेले, सुटले, पुन्हा गेले. सोने मात्र येतच राहिले. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, १९९२ पासून सोने आणण्याची वाट बरीचशी मोकळी झाली, देशातला भाव आणि परदेशातला भाव यांतील अंतर आटले, तेव्हा कोठे तो धंदा ओसरला. आयात शुल्क वाढवले की तो पुन्हा डोके वर काढतो, हेही अलीकडे दिसून आले आहे. तस्करीचे मूळ तस्कराच्या स्वभावात नसून भावांतल्या अंतरात असते, एवढा बोध त्या इतिहासातून कोणालाही घेता येईल.

आज जगभरच्या सीमाशुल्क खात्यांच्या जप्तीच्या याद्यांत सोन्याच्या बिस्किटांशेजारी एक नवा जिन्नस दाखल झाला आहे. वजन उतरवणारी इंजेक्शने! सेमाग्लुटाइड व टिर्झेपटाइड ही त्यांची मूळ नावे. ओझेम्पिक, वेगोव्ही, मौंजारो ही व्यापारी नावे. पॅराग्वेतून ब्राझीलमध्ये ती चोरून नेली जातात. अमेरिकेत त्यांचा कच्चा माल बंदरावर अडवला जातो. भारतात मौंजारो अधिकृतपणे विक्रीस आले ते मार्च २०२५ मध्ये आणि वेगोव्ही आले जून २०२५ मध्ये. त्यापूर्वीही ही इंजेक्शने ओळखीच्या प्रवाशाच्या सामानातून, कुरियरच्या पाकिटातून, ‘ग्रे मार्केट’ या सभ्य नावाच्या आडवाटेने येत होती, हे उघड गुपित होते. आखातात किंवा जहाजावर नोकरी करणारा आप्त ज्याच्या घरी आहे अशा वसईकराला ही वाट समजावून सांगण्याची गरज नाही. पूर्वी त्या वाटेने टेपरेकॉर्डर येत.

कायदा काय सांगतो हे आधी पाहिले पाहिजे. परवान्याशिवाय औषध आयात करणे हा १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली गुन्हा आहे. स्वतःच्या वापरासाठी प्रवाशाने सामानातून औषध आणले, तर १९४५ च्या नियमांनी त्याला सवलत दिली आहे. ही सवलत शंभर सरासरी मात्रांपर्यंतची आहे. त्याहून अधिक हवे असल्यास किंवा टपालाने मागवायचे असल्यास डॉक्टरांच्या चिठ्ठीसह अर्ज करून परवाना घ्यावा लागतो. दिवसातून तीनदा घ्यावयाच्या गोळ्या नजरेसमोर ठेवून केलेला हा नियम आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाच्या इंजेक्शनला लावला, तर शंभर मात्रा म्हणजे जवळजवळ दोन वर्षांचा साठा होतो. एवढ्या फटीतून काय काय आत येऊ शकते याची कल्पना करावी. तेव्हा सीमाशुल्क अधिकारी पेट्या उघडून पाहत असतील, तर त्यात वावगे काहीच नाही.

येथे डाव्या चळवळीतील काही मित्रांचा एक भाबडा समज दूर करणे आवश्यक आहे. चोरवाटेने येणारे औषध हे गरिबाचे औषध, आणि ते अडवणारा अधिकारी बहुराष्ट्रीय कंपन्यांचा पहारेकरी, असा युक्तिवाद अधूनमधून कानी पडतो. तो दोन्ही अंगांनी लंगडा आहे. एक तर चोरवाटेचा माल स्वस्त नसतो. प्रत्येक हात आपला वाटा कापून घेतो आणि शेवटच्या माणसाला जोखमीचाही भाव मोजावा लागतो. दुसरे असे, की ही औषधे दोन ते आठ अंश तापमानात जपावी लागतात. विमानाच्या पोटातून, रिक्षाच्या डिकीतून, वीज गेलेल्या फ्रिजमधून प्रवास करून आलेल्या कुपीत काय शिल्लक उरले आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसते.

आणि मूळ मालच खोटा असला तर? ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑस्ट्रियात बनावट ओझेम्पिक टोचून घेतलेल्या काही जणांची रक्तातील साखर एकाएकी घसरली व त्यांना रुग्णालयात न्यावे लागले; त्या पेनांत सेमाग्लुटाइडऐवजी इन्शुलिन असावे, असे तेथील औषध प्रशासनाने जाहीर केले. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, ब्रिटन व अमेरिकेत सापडलेल्या बनावट ओझेम्पिकविषयी साऱ्या जगाला इशारा दिला. महाराष्ट्राला तर असे इशारे बाहेरून यावे लागू नयेत. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषधी ग्लिसरॉलच्या नावाखाली डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेले औद्योगिक ग्लिसरॉल पाजले गेले आणि चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने अन्न व औषध प्रशासनापासून मंत्र्यांपर्यंत सर्वांची लक्तरे वेशीवर टांगली. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पायउतार व्हावे लागले. जवळजवळ चार दशके लोटली. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तेच विष खोकल्याच्या औषधातून मध्य प्रदेशातील छिंदवाड्याच्या लेकरांच्या पोटात गेले, आणि त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणावे लागले. त्याच नागपूर जिल्ह्यात सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्यांत औषधाचा अंशही नव्हता, टाल्कम पावडर आणि पिष्ट होते, हे २०२४ मध्ये पोलिसांच्या तपासात बाहेर आले.

सारांश, सीमेवर पहारा हवा, आणि तो आजच्याहून कडक हवा. प्रश्न आहे तो पुढचा. पेटी जप्त झाली. पण ज्या माणसाने ती मागवली होती, त्याच्या आजाराचे काय झाले?

हा प्रश्न विचारला की दुसऱ्या बाजूने दुसरा आक्षेप येतो. ‘हे श्रीमंतांचे चोचले आहेत. ज्या पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याची पोरे कुपोषणाने जातात, तेथे वजन उतरवण्याच्या औषधासाठी समाजवाद्यांनी रकाने का खर्च करावेत?’ आक्षेप वरकरणी रास्त वाटतो. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्राला मान खाली घालावी लागली होती, आणि त्या डोंगरातील भूक अजूनही पुरती हटलेली नाही. परंतु भूक आणि मधुमेह हे परस्परांचे वैरी आहेत, एक गरिबाच्या घरी राहतो व दुसरा श्रीमंताच्या, ही समजूत विज्ञानाने केव्हाच खोटी ठरवली आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांतल्या गर्भवती मातांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पिढीभर माग काढला. अर्धपोटी, शेतात राबणाऱ्या आईचे मूल जन्मतः वजनाने कमी भरते, हातापायांच्या काड्या दिसतात, पण त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण मात्र युरोपातल्या बाळाच्या तुलनेने अधिक असते. भुकेशी झुंजण्यासाठी गर्भातच घडलेले हे शरीर पुढे शहरात आले, बसल्या जागी बारा तास यंत्र चालवू लागले, आणि वडापाव व साखरेचा चहा यांवर दिवस काढू लागले, की मधुमेहाला त्याचे दार उघडेच असते.

मोखाड्याची भूक आणि नालासोपाऱ्याचा मधुमेह ही एकाच साखळीची दोन टोके आहेत. मोखाड्याच्या उपाशी आईचा मुलगा वयात आला की रोजगारासाठी खाली उतरतो. कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेशातून आलेल्यांच्या बाबतीतही कहाणी वेगळी नाही. वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या औद्योगिक गाळ्यांत तो काम धरतो, किंवा पहाटेच्या विरार गाडीला लोंबकळत मुंबई गाठतो. झोप पाच तासांची, जेवण मिळेल तेव्हा, आणि व्यायाम म्हणावा तर जिना चढण्याचा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. ते सारे मलबार हिलवर राहत नाहीत.

शिवाय ही औषधे केवळ कंबर बारीक करण्याची नव्हेत. मूळ शोध मधुमेहासाठीच लागला. हृदयविकार व मूत्रपिंडाचा विकार जडलेल्या मधुमेही रुग्णाला त्यांचा आधार होतो, हे सिद्ध झाल्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वर्गातील औषधांचा आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत ३८४ औषधे आहेत. सेमाग्लुटाइड त्यांत नाही. यादीत नाही म्हणून किमतीवर कमाल मर्यादा नाही. कंपनीला हवा तो भाव लावण्याची मुभा आहे; पुढे वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा नाही, एवढेच काय ते बंधन.

आता तो भाव पाहावा. मार्च २०२५ मध्ये मौंजारोची सर्वांत लहान कुपी ३,५०० रुपयांची होती. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला १४,००० रुपये. मात्रा वाढेल तसा आकडा वाढतो. वेगोव्हीची सुरुवातीची महिन्याची मात्रा जून २०२५ मध्ये १७,३४५ रुपयांना होती. ज्या कामगाराचा अख्खा पगारच चौदा-पंधरा हजारांच्या पलीकडे जात नाही, त्याच्यापुढे हा भाव सांगणे ही क्रूर थट्टा आहे. आणि एवढे असूनही ऑक्टोबर २०२५ मध्ये मौंजारो हे रुपयांच्या उलाढालीत देशातील सर्वाधिक खपाचे औषध ठरले! हा बदल काही महिन्यांत घडला. पैसा कोणाच्या हाती आहे व बाजार कोणासाठी चालतो याचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

कंपन्यांचे नेहमीचे उत्तर ठरलेले आहे, संशोधनाला खर्च येतो. येतो, यात शंका नाही. पण मार्च २०२४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हिशेब मांडला, की सेमाग्लुटाइडची महिन्याची मात्रा वाजवी नफा धरूनही पाच डॉलरच्या आत तयार होऊ शकते. म्हणजे आजच्या दराने साधारण साडेचारशे रुपये. दुसरा पुरावा खुद्द कंपनीनेच पुरवला. नोव्हेंबर २०२५ मध्ये नोव्हो नॉर्डिस्कने वेगोव्हीची १७,३४५ रुपयांची ती मात्रा १०,८५० रुपयांवर आणली. उत्पादन खर्च एका रात्रीत सदतीस टक्क्यांनी उतरला होता काय? उतरली होती ती मक्तेदारीची उरलेली मुदत. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचे भारतातील पेटंट संपणार होते, आणि देशी कारखानदार दाराशी उभे होते. त्याप्रमाणे मुदत संपली, अनेक देशी कंपन्यांचा माल बाजारात आला आणि भाव निम्म्याच्याही खाली घसरले. ग्रे मार्केटला कोणत्याही छाप्याने बसला नसता असा तडाखा या एका तारखेने दिला.

येथे सोन्याचा दाखला पुन्हा आठवतो, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तो समाजवाद्यांच्या दृष्टीने थोडा अडचणीचा आहे. उदारीकरणवाले टाळी वाजवून म्हणतील, ‘पाहा, निर्बंध उठले, बाजार मोकळा झाला, तस्कर गेला!’ पण औषधाच्या बाबतीत निर्बंध कोणाचा होता? तो सरकारचा नव्हता. पेटंटधारकाचा होता, आणि सरकार केवळ त्याची राखण करीत होते. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट देणे बंद केले, म्हणून भारतात स्वस्त औषधांचे कारखाने उभे राहिले. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्येच तशी शिफारस केली होती. जागतिक व्यापार कराराच्या दडपणाखाली २००५ मध्ये तो कायदा बदलला आणि पदार्थाचे पेटंट परत आले. या बदलाला तेव्हा ज्यांनी विरोध केला, त्यांना विकासविरोधी म्हणून हिणवले गेले. नाही म्हणायला डाव्या पक्षांच्या व जनआरोग्य चळवळींच्या रेट्यामुळे त्या कायद्यात कलम ३ (ड) शिरले. त्याच्याच बळावर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा कर्करोगाच्या औषधावरील दावा फेटाळला.

किंमत नियंत्रणाची कथा तर अधिकच उद्बोधक आहे. जयसुखलाल हाथी यांच्या समितीने १९७५ मध्ये अहवाल दिला; व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने हटवून औषधे मूळ नावाने विकावीत, असे त्या समितीने सुचवले होते. १९७९ च्या आदेशाने ३४७ मूळ औषधे नियंत्रणाखाली आली. १९८७ मध्ये ती १४२ उरली, १९९५ मध्ये ७४. पुढे २०१३ च्या आदेशाने तर उत्पादन खर्चाचा हिशेबच सोडून बाजारभावांची सरासरी काढण्याची तऱ्हा आणली. तरीही त्या आदेशात परिच्छेद १९ नावाचे एक हत्यार शिल्लक आहे. लोकहितासाठी असाधारण परिस्थितीत यादीबाहेरच्या औषधाची किंमतही सरकारला त्याखाली बांधता येते. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने ते उपसले व मधुमेह आणि हृदयविकार यांच्या १०८ औषधांच्या किमतींवर मर्यादा घातली. सप्टेंबर उजाडला आणि ज्या मार्गदर्शक तत्त्वांच्या आधारे हे झाले, तीच मागे घेण्याचे फर्मान दिल्लीहून सुटले. त्याच परिच्छेदाखाली फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयातील स्टेंटच्या किमती मात्र २९,६०० रुपयांवर बांधल्या गेल्या. आभाळ कोसळले नाही, आणि स्टेंट बाजारातून नाहीसेही झाले नाहीत. हत्यार आहे, ते चालते, हे सिद्ध आहे. ते म्यान करून ठेवणारा हात कोणाचा, एवढाच शोध घ्यायचा.

सेमाग्लुटाइड स्वस्त झाले, मग आता तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. तक्रार अशी, की टिर्झेपटाइडचे पेटंट २०३६ पर्यंत आहे. तोवर दहा वर्षे रुग्णाने काय करायचे? पाठीच्या कण्याच्या स्नायुविकारावरील रिसडिप्लामची बाटली मूळ कंपनी सहा लाखांहून अधिक किमतीला विकत होती. न्यायालयाने देशी कंपनीची वाट मोकळी करताच २०२५ च्या ऑक्टोबरात तेच औषध १५,९०० रुपयांना आले. सक्तीचा परवाना देण्याची तरतूद कायद्यात आहे. तिचा उपयोग केंद्राने आजवर एकदाच, मार्च २०१२ मध्ये, मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील नेक्सावारसाठी होऊ दिला. तेव्हा महिन्याच्या मात्रेचा भाव २,८०,००० रुपयांवरून ८,८०० रुपयांवर आला होता. त्यानंतर ती तरतूद ग्रंथात झोपली आहे.

सार्वजनिक कारखान्यांची आठवण तर आता कोणी काढतच नाही. पिंपरीचे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाले, देशाने पेनिसिलिन स्वतःच्या हातांनी बनवले. २०१६ मध्ये केंद्राने त्याच कंपनीची जमीन विकून देणी भागवण्याचा व कारखाना विक्रीस काढण्याचा निर्णय घेतला. परळच्या हाफकिनकडे राज्याने २०१७ मध्ये सरकारी रुग्णालयांची औषधखरेदी सोपवली, तिला पुरेशी माणसे दिली नाहीत, आणि २०२३ मध्ये ती काढून नव्या प्राधिकरणाकडे दिली. तमिळनाडूचे औषध महामंडळ तीस वर्षे सुरळीत चालले आहे. ते महाराष्ट्राला जमत नाही, याचे कारण तांत्रिक खचितच नाही.

पालघर जिल्हा औषधांच्या बाबतीत दरिद्री आहे असेही नाही. तारापूर-बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल टनांनी तयार होतो. तो तयार करताना कामगार मरतात; ऑगस्ट २०२५ मध्ये तेथल्या एका औषध कारखान्यात वायुगळती होऊन चार कामगारांनी प्राण गमावले. ज्या जिल्ह्याच्या हवेत आणि खाडीत त्या कारखान्यांची घाण मिसळते, त्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात मधुमेहाच्या साध्या गोळ्याही बारा महिने मिळतील याची खात्री देता येत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, ही चांगलीच गोष्ट. पण औषध ‘बाहेरून आणा’ म्हणून हाती चिठ्ठी पडली, की निःशुल्क या शब्दाचा अर्थ दुकानाच्या पायरीवर कळतो.

१९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर व त्यांच्या सहकारी महिलांनी महागाई प्रतिकार समिती उभारली, लाटणी हाती घेतली, तेव्हा मागणी तेलाची, साखरेची, रॉकेलची होती. आज मध्यमवयीन कामगाराच्या घरचा महिन्याचा जमाखर्च मांडला, तर किराण्याखालोखाल दुसरी ओळ औषधांची सापडते. चळवळीच्या मागणीपत्रकात ती ओळ अजून चढलेली नाही, हा दोष कंपन्यांचा नव्हे.

वसई-विरारमध्ये या कामाला सुरुवात करणे अवघड नाही. २०२० पासून प्रशासकाच्या हाती असलेल्या महापालिकेत जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने पुन्हा लोकनियुक्त सभागृह आले आहे. वसईचे सर डी. एम. पेटिट रुग्णालय आणि नालासोपाऱ्याचे तुळिंज रुग्णालय महापालिकेची आहेत. त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात मधुमेहाचे किती रुग्ण येतात, त्यांना कोणती औषधे दिली जातात, किती दिवसांची दिली जातात, आणि बाहेरून आणण्याच्या चिठ्ठ्या किती लिहिल्या जातात, ही चार उत्तरे माहितीच्या अधिकारात मागता येतात. पेटंटमुक्त झालेले सेमाग्लुटाइड डॉक्टरच्या निर्णयाने गरजू रुग्णाला देण्यासाठी घाऊक निविदा काढली, तर भाव आणखी किती उतरतो, हे महापालिकेने करून पाहायला हवे. त्याचबरोबर नालासोपाऱ्याच्या गल्लीबोळांत पदवीशिवाय दवाखाना थाटून बसलेले जे बोगस डॉक्टर आहेत, त्यांच्या हातांत आता ही सुई पडणार आहे, हे ओळखून अन्न व औषध प्रशासनाकडे तपासनीसांची मागणी लावून धरली पाहिजे. आजवर महाग होती म्हणून ती सुई बंगल्यापर्यंतच गेली. स्वस्त झाल्यावर ती चाळीत जाईल, तपासणीशिवाय, चिठ्ठीशिवाय, आणि बहुधा फ्रिजशिवाय.

विमानतळावरचा अधिकारी तेथे पोहोचू शकत नाही. शाखेचा कार्यकर्ता रोज त्याच गल्लीतून स्टेशनला जातो. औषध दुकानांतील भावांचे फलक, रुग्णालयांतील चिठ्ठ्या आणि बिलांच्या प्रती येत्या तीन महिन्यांत गोळा झाल्या, तर महासभेपुढे निवेदनासोबत पुराव्यांचा गठ्ठाही ठेवता येईल.